सगळ्यांना आवडेल असं पुस्तक शोधू नका

पत्र:

आमच्या वाचक गटाला आता दोन वर्षं होतील. आम्ही चौदा जण आहोत. महिन्यातून एकदा भेटायचं आणि दीड तास एका पुस्तकावर बोलायचं, असं ठरलं होतं. पुस्तक निवडण्यासाठी मी दर महिन्याला ग्रुपवर नावं मागवते. नऊ-दहा येतात. मग पोल टाकते. बहुतेक वेळा तीन-चार मतं मिळालेलं पुस्तक जिंकतं. मतं सारखी पडली तर मी ठरवते, कारण गट मीच सुरू केला आणि अॅडमिनही मीच आहे. गेल्या वेळी साडेचारशे पानांचं पुस्तक निवडलं गेलं. चौदापैकी पाच जणांनी ते पूर्ण वाचलं. ज्यांनी त्याला मत दिलं होतं, त्यांच्यातल्याच दोघांनी ते उघडलंही नव्हतं.

भेटीत एक ज्येष्ठ सदस्य अर्धा-पाऊण तास एकटेच बोलतात. त्यांचं वाचन दांडगं आहे, पण पुस्तक राहतं बाजूला आणि आठवणी सुरू होतात. तिघी-चौघी कधीच तोंड उघडत नाहीत. कादंबरीवाले आणि वैचारिकवाले असे दोन तट पडलेत. एकीने ‘आपण जरा दर्जेदार वाचू या’ असं लिहिल्यावर दुसरीने ग्रुप म्यूट करून टाकला. जे वाचून येत नाहीत त्यांना काढून टाका, असं काहींचं म्हणणं आहे. त्यात आणखी तिघांना गटात यायचंय. सगळ्यांना आवडेल असं पुस्तक निवडण्याची एखादी पद्धत आहे का?

– एक थकलेली अॅडमिन

उत्तर:

थकलेल्या अॅडमिनताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: नाही. चौदा माणसांना आवडेल असं पुस्तक निवडायची पद्धत नाही, आणि असती तरी ती वापरा असं मी म्हटलं नसतं. चौदाही जणांना सारखंच आवडलेल्या पुस्तकावर बोलणार काय? ‘छान आहे.’ ‘फारच छान आहे.’ ‘शेवट तर काय सुंदर!’ वीस मिनिटांत सगळे मोबाइलमध्ये डोकं घालतात. याउलट, ज्या पुस्तकाने अर्धा गट भारावला आणि अर्धा वैतागला, त्या दिवशी दीड तास पुरत नाही, दारात चपला घालतानाही वाद चालूच राहतो. वाचक गटासाठी चांगलं पुस्तक म्हणजे ज्यावर दोन समंजस माणसं वेगवेगळं बोलू शकतील असं पुस्तक. ते आवडलं की नाही, हा नंतरचा प्रश्न.

हे एकदा मान्य केलं की पोलवर भरवसा का ठेवू नये ते दिसायला लागतं. तुमचाच हिशोब घ्या. चौदा जणांत चार मतांनी पुस्तक जिंकलं, म्हणजे दहा जणांना दुसरंच काहीतरी हवं होतं. तरी ते बहुमत म्हणून सगळ्यांच्या माथी बसतं. शिवाय ग्रुपवरच्या पोलमध्ये मत द्यायला काहीच पडत नाही. अंगठा टेकवला, झालं. ‘हे पुस्तक असावं’ असं वाटणं आणि पुढचा महिनाभर ते पुस्तक हातात घेऊन बसण्याची तयारी असणं यांत फार अंतर आहे. तुमच्या त्या दोन मतदारांनी पुस्तक उघडलं नाही, यात मला काहीच नवल वाटत नाही.

नऊ-दहा नावांमुळे मतं विखुरतात म्हणून तुम्ही नावं तीनवर आणाल, तरी गुंता सुटेलच असं नाही. तीन वाचक आणि तीन पुस्तकं घ्या. पहिलीला आधी कादंबरी हवी, मग चरित्र, मग प्रवासवर्णन. दुसऱ्याचा क्रम चरित्र, प्रवासवर्णन, कादंबरी. तिसरीचा प्रवासवर्णन, कादंबरी, चरित्र. आता दोन-दोन पुस्तकांची लढत लावा. कादंबरी चरित्राला दोन विरुद्ध एक मतांनी हरवते. चरित्र प्रवासवर्णनाला तसंच हरवतं. आणि प्रवासवर्णन कादंबरीला हरवतं! म्हणजे कुठलंही पुस्तक निवडलं तरी तिघांपैकी दोघं म्हणू शकतात, ‘यापेक्षा ते दुसरं बरं होतं.’ आणि ते खरं असतं. मार्की द काँदोर्से या फ्रेंच गणितज्ञाने 1785 मध्ये ही गोची दाखवून दिली. तुमच्या ग्रुपवरची धुसफूस लोकांच्या स्वभावामुळे आहे असं तुम्हाला वाटत असेल. त्यातली बरीचशी मतदानाच्या पद्धतीतूनच येते.

पण पोलवरचा माझा खरा राग वेगळाच आहे. वाचक गटात माणूस कशासाठी येतो? स्वतःहून ज्याच्या वाटेला कधी गेला नसता, ते पुस्तक वाचायला लागावं म्हणून. आवडीचं पुस्तक वाचायला गट लागत नाही, एक खुर्ची पुरते. पोलमध्ये नेमकं तेच अनोळखी पुस्तक हरतं. सगळ्यांनी नाव ऐकलेलं, नुकताच पुरस्कार मिळालेलं, ज्यावर सिनेमा आलाय असं पुस्तक पुढे येतं आणि एका सदस्याला मनापासून आवडलेलं, पण बाकीच्यांना ठाऊक नसलेलं पुस्तक एका मतावर पडून राहतं. दोन-तीनदा असं झालं की तो सदस्य नावं सुचवणंच सोडून देतो. तुमच्याकडे न बोलणाऱ्या ज्या तिघी-चौघी आहेत, त्यांनी सुचवलेलं पुस्तक दोन वर्षांत कितीदा निवडलं गेलं, ते जुने पोल उघडून बघा.

तर माझा सल्ला असा: मतदान थांबवा आणि आळीपाळीने निवड करा. चिठ्ठ्या टाकून चौदा नावांचा क्रम लावा. ज्याचा नंबर, त्याचं पुस्तक. चर्चा नाही, पोल नाही, ‘यापेक्षा ते घेऊ या का’ नाही. बाकीच्यांनी फक्त एकच करायचं: ते प्रामाणिकपणे वाचायचं. आपला नंबर आल्यावर बाकीचे तेरा जण आपलं पुस्तक वाचणार आहेत, या भरवशावर माणूस दुसऱ्याचंही पुस्तक निमूटपणे वाचतो. चौदा महिन्यांच्या फेरीत प्रत्येकाची एकदा चंगळ होते आणि तेरा वेळा थोडीफार पंचाईत. त्या तेरांतूनच काहीतरी अनपेक्षित हाती लागतं. नंबर आपसात बदलता येईल, पण कुणी ‘मला काही सुचत नाही, तुम्हीच सांगा’ म्हणून अंग काढून घेतलं तर चालवून घेऊ नका. सगळ्यात गप्प माणसाला तर हे अजिबात करू देऊ नका.

मात्र निवडणाऱ्याला मोकळं रान द्यायचं नाही. काही अटी हव्यात, आणि त्या आधीच, कुणाचंही पुस्तक डोळ्यांसमोर नसताना ठरवायला हव्यात.

पहिली अट जाडीची. हा मुद्दा लोकांना क्षुल्लक वाटतो, पण निम्मे वाचक गट याच्यावरच आपटतात. पानाला दोन मिनिटं धरा. साडेचारशे पानांना नऊशे मिनिटं लागतात, म्हणजे पंधरा तास. तीस दिवसांत एकही दिवस न चुकता रोज अर्धा तास. नोकरी, घर, आजारपण, पाहुणे सांभाळून हे जमवणारी माणसं प्रत्येक गटात असतात, साधारण तुमच्याकडे होती तितकीच, पाच. दोनशे-सव्वादोनशे पानांच्या पुस्तकाला तेच गणित पंधरा मिनिटांवर येतं, आणि चार दिवस बुडाले तरी भरून काढता येतं. म्हणून अडीचशे पानांची मर्यादा घाला. कुणाला जाडजूड ग्रंथ वाचायची हौस असेल तर तो वर्षातून एकदा, दोन महिन्यांची मुदत देऊन घ्या, आणि मधल्या भेटीत अर्ध्यापर्यंत बोला.

दुसरी अट, पुस्तक मिळायला हवं. निवडणाऱ्याने नाव जाहीर करण्याआधी चौकशी करायची: छापील प्रती बाजारात आहेत का, ग्रंथालयात किती आहेत, ई-बुक किंवा ऑडिओबुक आहे का. आवृत्ती संपलेली असेल तर पुस्तक कितीही थोर असो, या फेरीत नाही. आणि इथे एक गोष्ट स्पष्टच सांगते. ‘कुणाकडे पीडीएफ आहे का?’ हा प्रश्न ग्रुपवर विचारायला बंदी घाला. पुस्तकांवर प्रेम आहे म्हणून जमलेल्या माणसांनी लेखकाचे आणि प्रकाशकाचे पैसे बुडवायचे, हे मला कधी पटलेलं नाही. चौघांत एक प्रत फिरवा, ग्रंथालयातून आणा, जुनं पुस्तक विकत घ्या. हे सगळं चालतं. पुस्तक ऐकलं तर ते वाचल्यासारखंच धरा. त्यावरून शुद्धतेचे वाद घालू नका.

मिळण्याचा प्रश्न बराचसा सुटतो तो आगाऊ निवड केल्याने. एका वेळी पुढची तीन पुस्तकं ठरलेली असावीत. हळू वाचणाऱ्याला लवकर सुरुवात करता येते, ग्रंथालयात नंबर लावता येतो, आणि प्रवासाला निघालेला माणूस दोन पुस्तकं बरोबर नेऊ शकतो. भेटीची तारीखही पोलवर सोडू नका. महिन्याचा तिसरा शनिवार ठरला की ठरला. तारखेसाठी दर महिन्याला विनवण्या कराव्या लागतात, त्या गटाची पुस्तकं कितीही चांगली असली तरी त्याचे दिवस भरत आलेले असतात.

तिसरी अट जरा नाजूक आहे. निवडणाऱ्याने ते पुस्तक स्वतः आधी वाचलेलं असावं, पण ते त्याचं जीव की प्राण पुस्तक नसावं. ज्या पुस्तकाने आपल्याला ऐन विशीत घडवलं, ते गटासमोर ठेवू नये. कुणीतरी सहज ‘मला कंटाळवाणं वाटलं’ म्हणतं आणि आपण दुखावतो, मग पुढचा तासभर आपण पुस्तकाची नाही, स्वतःची बाजू मांडत बसतो. आणि गटातल्या सदस्याने स्वतः लिहिलेलं पुस्तक कधीच घेऊ नये. त्यावर खरं बोलता येत नाही आणि खोटं बोललेलं सगळ्यांना कळतं. त्याच्या प्रकाशनाला जा, प्रत विकत घ्या, कौतुक करा. पण गटात नाही.

प्रत्येकाला फेरीत एक नकारही द्या. घरात नुकताच मृत्यू झालाय आणि पुस्तक आजारपणावरचं आहे, अशा वेळी माणसाने ‘या महिन्यात मला हे नको’ एवढंच म्हणावं आणि बाकीच्यांनी कारण विचारू नये. निवडणाऱ्याने दुसरं नाव द्यावं. हा अधिकार फारसा कुणी वापरत नाही, पण तो असल्यामुळे कठीण विषयांची पुस्तकं सुचवायला लोक बिचकत नाहीत.

‘दर्जेदार’वरून झालेल्या भांडणाचा निकालही यातच लागतो. आळीपाळी असली की अमुक पुस्तक आपल्या गटाच्या लायकीचं आहे का, हा प्रश्नच कुणी कुणाला विचारू शकत नाही. रहस्यकथा निवडली गेली तर रहस्यकथा वाचायची. मन लावून वाचली तर तिच्यातही बोलण्यासारखं पुष्कळ सापडतं: लेखकाने माहिती कुठे दडवली, आपण कुठल्या पानावर फसलो, संशय आपण ज्याच्यावर घेतला त्याच्यावरच का घेतला. या शेवटच्या प्रश्नावर गट स्वतःविषयी जे बोलून जातो, ते जड ग्रंथांच्या चर्चेत क्वचित ऐकायला मिळतं.

राहिले तुमचे दोन तट. वैचारिक पुस्तकांना कादंबरीवाले कंटाळतात, याचं एक कारण असं की अशी पुस्तकं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायलाच हवीत असा आपला हट्ट असतो. चारशे पानांच्या अभ्यासग्रंथातली तीन प्रकरणं निवडा, बाकीची ऐच्छिक ठेवा. दुसरा उपाय म्हणजे जोड लावणं. एखादी कादंबरी दुष्काळाभोवती फिरत असेल, तर पुढच्याला विनंती करा की जमल्यास दुष्काळावरचंच वैचारिक पुस्तक घ्यावं. दुसऱ्या भेटीत लोक पहिल्या पुस्तकाकडे परत जातात, आणि तट कुठे संपला ते कळतही नाही. सक्ती मात्र नको.

एवढं करूनही कधीतरी मतदान घ्यावंच लागेल, उदाहरणार्थ वर्षातून एकदा त्या जाडजूड ग्रंथासाठी. तेव्हा ‘कुठलं आवडेल?’ असं विचारू नका. ‘यांतली कुठकुठली वाचायला तुमची ना नाही?’ असं विचारा आणि प्रत्येकाला हव्या तितक्या नावांवर खूण करू द्या. ज्या पुस्तकावर सगळ्यात जास्त खुणा, ते घ्या. काँदोर्सेने दाखवलेला घोळ यानेही पूर्ण मिटत नाही, पण निवडलेलं पुस्तक निदान बहुतेकांना चालणारं असतं. चार जणांच्या हौसेपेक्षा अकरा जणांची तयारी केव्हाही बरी.

आता थोडं तुमच्याबद्दल. रागावू नका. ‘मतं सारखी पडली तर मी ठरवते’ हे वाक्य तुम्ही इतक्या सहज लिहिलंय की त्यात काही वावगं असेल असं तुम्हाला वाटलंही नसावं. नऊ-दहा नावं आणि चौदा मतं असली की सारखी मतं पडण्याची वेळ वारंवार येणार. म्हणजे निवड बऱ्याचदा तुमचीच असते आणि तिला मतदानाचा शिक्का असतो. सदस्यांच्या हे लक्षात आलेलं असतं, तुमच्याशी चांगले संबंध आहेत म्हणून कुणी बोलत नाही. तुम्ही थकलाय त्याचंही कारण हेच आहे: नावं मागवायची तुम्ही, पोल टाकायचा तुम्ही, आठवण करायची तुम्ही, आणि पुस्तक फसलं की अपराधी वाटून घ्यायचं तेही तुम्हीच. गट सुरू केला म्हणून तो जन्मभर चालवावा लागतो असं नाही. निवड क्रमाने फिरवा, भेटीतल्या चर्चेचं संचालनही फिरवा. तुमच्याकडे फक्त तारीख आणि यादी ठेवा.

संचालन आणि निवड एकाच माणसाकडे देऊ नका, हे आवर्जून सांगते. ज्याने पुस्तक निवडलं तो वकील होतो. संचालकाला पुस्तकाशी काही देणंघेणं नसावं, आणि त्याने फक्त प्रश्न विचारावेत. 1947 मध्ये शिकागोत सुरू झालेल्या ग्रेट बुक्स फाउंडेशनने गटचर्चेची एक शिस्त बसवली, ती मला अजूनही सगळ्यात कामाची वाटते. न वाचता चर्चेत पडायचं नाही. पुस्तक नीट समजून घेतल्याशिवाय पुस्तकाबाहेरच्या गोष्टींकडे वळायचं नाही. जे म्हणायचं त्याला पुस्तकातला आधार द्यायचा. आणि चर्चा चालवणाऱ्याने प्रश्नच विचारायचे, उत्तरं द्यायची नाहीत.

मग प्रश्न कसे हवेत? पुस्तकातच ज्याची दोन-तीन उत्तरं सापडतात असे. ‘नायिका घर सोडून कुठे जाते?’ हा परीक्षेतला प्रश्न झाला. ‘ती परत आली ती भीतीने की मायेने?’ यावर दोन्ही बाजूंना पानं काढून दाखवता येतात. प्रश्नाचं उत्तर संचालकालाही ठाऊक नसेल तर उत्तमच. पुस्तकाच्या शेवटी छापलेले किंवा इंटरनेटवर मिळणारे तयार प्रश्न टाळा, ते बहुधा शाळेच्या वहीतले वाटतात. असे तीन प्रश्न हाताशी असले की दीड तासाला पुरतात. ‘आवडलं का?’ हा प्रश्न मात्र अगदी शेवटी ठेवा. सुरुवातीलाच विचारला तर माणूस एक बाजू जाहीर करून बसतो, आणि मग ती सोडायला त्याला संकोच वाटतो.

तुमच्या ज्येष्ठ सदस्यांचा बंदोबस्त याच शिस्तीत आहे. त्यांना बाजूला घेऊन ‘कमी बोला’ असं सांगू नका. ते दुखावतील आणि पुढच्या वेळी येणार नाहीत, आणि खरं सांगायचं तर गटात असा एखादा दांडगा वाचक हवाच. त्याऐवजी सगळ्यांसाठी नियम करा: जे म्हणायचं ते कुठल्या प्रकरणात, कुठल्या पानावर आहे ते आधी सांगायचं. आवृत्त्या वेगळ्या असतील तर पान जुळत नाही, तेव्हा प्रकरण सांगा. आठवणींचा ओघ सुरू झाला की संचालकाने शांतपणे विचारावं, ‘हे पुस्तकात कुठे येतं?’ हा प्रश्न दोन-तीनदा आला की गाडी रुळावर येते. शिवाय त्यांच्या वाचनाचा मान राखून त्यांना एक काम द्या: दर भेटीला पाच मिनिटं, लेखक आणि काळ यांची पार्श्वभूमी. पाच मिनिटं झाली की पुढचा.

गप्प बसणाऱ्यांसाठी पहिली फेरी सक्तीची ठेवा. प्रत्येकाने आपल्याला थांबवणारा एक उतारा मिनिटभरात वाचून दाखवायचा. मत मांडायचं दडपण नाही, फक्त वाचायचं आहे. एकदा आवाज बाहेर पडला की दुसऱ्यांदा बोलणं सोपं जातं. चौदा मिनिटांत हे उरकतं आणि चौदा उतारे समोर आलेले असतात. कधी दोघं-तिघं तोच उतारा निवडून येतात, तर चर्चा तिथूनच सुरू करावी.

न वाचणाऱ्यांना काढून टाकू नका. ते येतायत, याचा अर्थ त्यांना काहीतरी मिळतंय. मात्र दोन गोष्टी स्पष्ट करा. एक, शेवट उघड केला जाईल, ‘अजून वाचायचंय, सांगू नका’ ही विनंती मान्य होणार नाही. दोन, किती वाचलं ते पहिल्या फेरीत खरं सांगायचं आणि तेवढ्यावरच बोलायचं. पुस्तक सोडून देणं हा गुन्हा नाही. नॅन्सी पर्ल या अमेरिकन ग्रंथपाल बाईंनी यासाठी एक झकास नियम सांगितलाय: पन्नाशीपर्यंतच्या वाचकाने पुस्तकाला पन्नास पानांची संधी द्यावी, आणि पन्नाशी उलटलेल्याने शंभरातून आपलं वय वजा करून जो आकडा येईल तितक्या पानांची. सत्तर वर्षांच्या वाचकाला तीस पानं पुरेत. शंभरी गाठली की मुखपृष्ठ बघूनच निकाल द्यायची मुभा! तुमच्या गटात हा नियम एका पुरवणीसह लावा: पुस्तक सोडलं तरी भेटीला यायचं आणि नेमकं कुठे, कशामुळे सोडलं ते सांगायचं. पन्नासाव्या पानावर कंटाळून थांबलेला वाचक कधीकधी पूर्ण वाचलेल्यापेक्षा पुस्तकाविषयी नेमकं बोलतो.

कुणाला ठरवून दिलेलं पुस्तक वाचणं जमतच नसेल, तर त्यांच्यासाठी दुसऱ्या तऱ्हेची भेटही ठेवता येते. 2012 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सायलेंट बुक क्लबची सुरुवात झाली. तिथे एकच पुस्तक नसतं. जो तो आपलं पुस्तक घेऊन येतो, तासभर सगळे एकत्र बसून गुपचूप वाचतात, आणि हवं तर नंतर गप्पा मारतात. दोन-तीन महिन्यांतून एकदा अशी बैठक घ्या, कुणालाच गृहपाठ नाही. माझ्या मते ती मुख्य भेटीची जागा घेऊ शकत नाही, पण दमलेल्या गटाला थोडी उसंत मिळते.

शेवटी ते नवे तिघं. चौदा जण आणि दीड तास म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला साडेसहा मिनिटंही येत नाहीत. सतरा झाले तर जेमतेम पाच. आणि निवडीचा नंबर सतरा महिन्यांनी. 1727 मध्ये फिलाडेल्फियात एकविशीतल्या बेंजामिन फ्रँकलिनने काही मित्रांना जमवून ‘जुंटो’ नावाचं मंडळ काढलं होतं. कुणी काचा बसवणारा, कुणी सुतार, कुणी मोजणीदार, कुणी कारकून. दर शुक्रवारी संध्याकाळी भेट. चर्चेचे प्रश्न सदस्यांनी आळीपाळीने आणायचे. पुढे पुढे ‘माझंच खरं’ थाटात ठासून बोलणाऱ्याला किरकोळ दंडही होऊ लागला. (तुमच्या ज्येष्ठांना हे वाचून दाखवायला हरकत नाही.) मंडळ बारा जणांचं होतं. नव्यांना घ्या असा आग्रह सुरू झाला, तेव्हा फ्रँकलिनने मंडळ वाढवायला विरोध केला आणि सुचवलं की प्रत्येक सदस्याने आपलं वेगळं उपमंडळ काढायचा प्रयत्न करावा. तशी काही निघालीही.

तुम्हीही तेच करा. तिघांना घ्या आणि सतरांचे दोन गट करा, आठ आणि नऊ. वाटणी चिठ्ठीने करा, कादंबरीवाले एका बाजूला आणि वैचारिकवाले दुसऱ्या बाजूला अशी नको. दोन्ही गट आपापली पुस्तकं निवडतील, आणि तीन महिन्यांनी एकदा एकत्र बसून एकाच पुस्तकावर बोलतील. चिठ्ठ्या पुढच्या भेटीतच टाका आणि पहिली तीन नावं निघाली की त्यांना पुस्तकं ठरवायला आठवडा द्या. दुसऱ्या गटाची अॅडमिन मात्र तुम्ही होऊ नका.